निरीक्षण विहीर आणि भूजलाचा जमाखर्च

नैर्ऋत्य मोसमी पाऊस माघारी फिरलेला असतो आणि रब्बीच्या पाळ्या अद्याप सुरू व्हावयाच्या असतात. अशा वेळी, ऑक्टोबर महिन्यात, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा कर्मचारी गावाबाहेरच्या एखाद्या विहिरीपाशी येतो. कठड्यावरील रंगाच्या खुणेपासून तो मोजपट्टी खाली सोडतो, वर ओढून घेतो, वहीत एक आकडा लिहितो आणि पुढील गावाच्या वाटेला लागतो. या सर्व कामास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यांपैकी फारच थोड्यांना या भेटीची वार्ता असते. वस्तुतः येत्या उन्हाळ्यात त्या परिसरात पिण्याच्या पाण्याची टंचाई भासेल काय, याचा पहिला अंदाज ज्या आकड्यांवरून बांधला जातो, त्यांपैकीच हा एक आकडा होय.

महाराष्ट्रात भूजलाच्या पद्धतशीर नोंदी ठेवण्याचे काम १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास हाती घेण्यात आले. त्याच काळात उभी राहिलेली ही यंत्रणा आज राज्यातील १५३१ पाणलोट क्षेत्रांत मिळून चार हजारांच्या जवळपास निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत, मोजत आली आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या विहिरी याहून वेगळ्या असून त्यांच्या नोंदीही स्वतंत्रपणे घेतल्या जातात. निरीक्षण विहीर म्हणजे काही खास बांधलेली विहीर नव्हे. बहुतेक ठिकाणी ती कोणा शेतकऱ्याची किंवा गावाची नेहमीचीच विहीर असते. तिचे वैशिष्ट्य एवढेच, की वर्षानुवर्षे तीच विहीर, त्याच खुणेपासून मोजली जाते.

खडकाच्या पोटातील पाणी

विहिरीतील पाण्यावरून परिसरातील भूजलाचा अंदाज का बांधता येतो, हे समजण्यासाठी आपल्या भूमीची घडण पाहावी लागेल. राज्याचा चार-पंचमांशाहून थोडा अधिक भाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा खडक तयार झाला. विहीर खोदणाऱ्या वडारास हे थर पुस्तकावाचून ठाऊक असतात. वरची माती संपली की मुरूम लागतो, त्याखाली मांजऱ्या आणि पुढे काळा कातळ. मुरमाच्या पोकळ्यांत आणि खडकाच्या भेगांत पाणी साठते. काळ्या कातळाला सांधे नसतील तर त्यात पाण्याला जागाच नसते.

तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत वाळूच्या कणांमध्ये पाणी बऱ्यापैकी राहते. बेसाल्टाची गोष्ट निराळी आहे. भूजलाचे मूल्यांकन करताना अपक्षय झालेल्या बेसाल्टातून उपलब्ध होऊ शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरले जाते. शंभर घनमीटर खडक पूर्ण भिजलेला असला तरी त्यातून विहिरीस मिळणारे पाणी अवघे दोन घनमीटर. उरलेला सगळा दगडच.

या दोन टक्क्यांचा अर्थ व्यवहारात काय होतो तो पाहू. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात भूजलाची पातळी सर्वत्र एक मीटरने खाली गेली, तर भूगर्भातून वीस हजार घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी कमी झाले. दीड हजार वस्तीच्या गावास दरडोई दररोज ५५ लिटर या हिशेबाने सुमारे साडेब्याऐंशी घनमीटर पाणी रोज लागते. म्हणजे हे एक मीटर पाणी त्या गावाच्या आठ महिन्यांच्या घरगुती गरजेइतके आहे. पाटाने पाणी दिलेल्या उसाची गरजही हेक्टरी सुमारे तितकीच असते. अर्थात त्यातील काही भाग पावसाने भागतो, काही पाणी पुन्हा जमिनीत मुरते, हे खरे. तरीही शंभर हेक्टर जमिनीखालचे एक मीटर पाणी जेमतेम एक हेक्टर उसाच्या बेरजेला येते, ही गोष्ट पाणीपुरवठ्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक सरपंचाने ध्यानी धरावी अशी आहे. मोजणीत एक मीटरची चूक होणे किती महागात पडू शकते, हेही त्यावरूनच कळते.

मोजणीची रीत

मोजणी वरवर सोपी दिसते. पोलादी पट्टीच्या टोकाला खडू लावून ती पाण्यात बुडेपर्यंत सोडावयाची. खुणेपाशी आलेला आकडा टिपून घ्यावयाचा आणि पट्टी वर काढून ती जेथपर्यंत ओली झाली तेवढी लांबी त्यातून वजा करावयाची. विजेवर चालणाऱ्या साधनात तारेचे टोक पाण्याला टेकताच मंडल पूर्ण होऊन दिवा लागतो किंवा आवाज होतो. यानंतर कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा केली की जमिनीखाली पाणी किती मीटरवर आहे, हे कळते. हा आकडा खोलीचा असल्याने तो जितका मोठा तितके पाणी कमी. ‘पातळी वाढली’ असे ऐकून गावकरी निर्धास्त होतात आणि वहीत मात्र खोली वाढलेली असते, असा घोटाळा सभांतून नेहमी होतो. म्हणून ‘पाणी खोल गेले’ किंवा ‘पाणी वर आले’ असेच बोलणे बरे.

खरी कसोटी विहिरीवर नव्हे, तर विहिरीच्या भोवती असते. मोजणीच्या वेळी त्या विहिरीवरचा किंवा शेजारचा पंप चालू असेल, तर मिळणारा आकडा भूजलाचा नसून उपशाचा असतो. म्हणून पंप सुरू होण्यापूर्वी, शक्यतो सकाळी, मोजणी व्हावी लागते. पंप चालू असल्यास तो बंद करून पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबणे प्राप्त होते. दिवसाकाठी अनेक विहिरी करावयाच्या आणि त्या दूरदूरच्या गावांत, अशा स्थितीत हे थांबणे किती जिकिरीचे आहे याची कल्पना करता येईल. विजेचा पुरवठा रात्री असतो अशा भागात तर सकाळी विहीर रिकामी आणि संध्याकाळी भरलेली, असा उलटा प्रकार आढळतो. तेथे नोंदीपुढे वेळ आणि पंपाची स्थिती लिहिली नसेल, तर नुसत्या आकड्याला किंमत नाही.

कोरड्या विहिरीची नोंद

मे महिन्यातील मोजणीत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. विहिरीला पाणीच नाही, मग लिहावयाचे काय? पुष्कळदा त्या रकान्यात ‘कोरडी’ असे लिहून किंवा तो मोकळा ठेवून पुढे जाण्याचा मोह होतो. त्यातून काय घडते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका पाणलोटात पाच विहिरी आहेत. गेल्या मे महिन्यात त्यांतील पाणी अनुक्रमे ६, ७, ८, ९ आणि १० मीटरवर होते. सरासरी ८ मीटर. या वर्षी पहिल्या तिन्ही विहिरींचे पाणी ७, ८ व ९ मीटरवर गेले आणि उरलेल्या दोन आटल्या. आटलेल्या विहिरी वगळून सरासरी काढली तर ती पुन्हा ८ मीटरच येते! म्हणजे पाचही विहिरींचे पाणी उतरले, दोन विहिरी तर तळाला गेल्या, आणि कागद सांगतो की परिस्थिती गतवर्षीप्रमाणेच आहे.

यावर उपाय साधा आहे. आटलेल्या विहिरीपुढे तिच्या तळाची खोली लिहून ‘पाणी याहून खाली’ असा शेरा द्यावा. उपरोक्त दोन विहिरींचे तळ साडेनऊ व साडेदहा मीटरवर असतील, तर सरासरी किमान ८.८ मीटर होते. सर्वाधिक संकटात असलेली विहीरच हिशेबातून प्रथम गळते, हा या मोजणीतील स्वाभाविक दोष असून तो जाणीवपूर्वकच टाळावा लागतो. एखादी विहीर सलग काही वर्षे मे महिन्यात आटू लागली, तर तिच्याऐवजी अधिक खोल विहीर निवडणे इष्ट. परंतु असा बदल करताना जुनी व नवी अशा दोन्ही विहिरी काही काळ बरोबरीने मोजल्या पाहिजेत. तसे न केल्यास दोन विहिरींमधला फरक भूजलातील फरक म्हणून वाचला जाईल आणि मागील अनेक वर्षांच्या नोंदी पुढील नोंदींशी जोडता येणार नाहीत.

ऑक्टोबरचा आकडा काय सांगतो

मे महिन्यात भूजल तळाशी असते आणि ऑक्टोबरमध्ये ते बहुधा सर्वांत वर येते. या दोहोंतील फरकाला क्षेत्रफळाने व खडकाच्या त्या दोन टक्क्यांनी गुणले, की पावसाळ्यात किती पाणी भूगर्भात जमा झाले याचा ढोबळ अंदाज मिळतो. जमेच्या बाजूस हे पाणी आणि खर्चाच्या बाजूस विहिरी व विंधन विहिरी यांचा उपसा मांडून पाणलोटांची वर्गवारी केली जाते. उपसा सत्तर टक्क्यांपर्यंत असेल तर पाणलोट सुरक्षित. त्यापुढे नव्वदपर्यंत अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, आणि शंभराहून अधिक असेल तर अतिशोषित. शंभराहून अधिक म्हणजे मुरते त्यापेक्षा जास्त उपसले जाते.

टंचाईच्या नियोजनासाठी मात्र याहून तातडीचा हिशेब करावा लागतो. ऑक्टोबरमधील पातळीची तुलना मागील पाच वर्षांच्या ऑक्टोबरच्या सरासरीशी केली जाते. तालुक्यातील पावसाची तूट तिच्या जोडीला घेतली जाते. पाणी एक मीटरहून, दोन मीटरहून की तीन मीटरहून अधिक खोल गेले आहे, यावरून कोणत्या गावांत टंचाई केव्हा भासेल याचा अंदाज वर्तविला जातो. टंचाई जितकी आधी ओळखता येईल तितके उपाय स्वस्त आणि सुकर असतात. नादुरुस्त नळ योजना दुरुस्त करणे, विहिरीतील गाळ काढणे, खाजगी विहीर अधिग्रहित करणे ही कामे डिसेंबर-जानेवारीत निवांतपणे होऊ शकतात. एप्रिलमध्ये एक टँकरच उरतो.

पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करण्यात एक खोच आहे, तीही सांगितली पाहिजे. मागील पाच वर्षे ओळीने अवर्षणाची गेली असतील, तर सरासरीच खाली गेलेली असते. मग या वर्षीची तूट लहान दिसते. अशा भागात दीर्घकाळच्या नोंदी काढून पाहाव्यात. त्या जपून ठेवण्याचे प्रयोजन तेच आहे.

विंधन विहिरींचा पेच

साधी विहीर सहसा दहा-पंधरा मीटर खोल असते आणि वरच्या थरातील पाण्याची हकीकत सांगते. गेल्या काही दशकांत उपसा मात्र खालच्या थरांतून, विंधन विहिरींच्या वाटे होऊ लागला. काही ठिकाणी ऑक्टोबरमध्ये विहीर काठोकाठ दिसते आणि शेजारची खोल विंधन विहीर फेब्रुवारीतच बंद पडते. अशा जागी केवळ विहिरीवर विसंबून चालत नाही. जलविज्ञान प्रकल्पाच्या काळात, १९९५ नंतर, निरनिराळ्या खोलीवरील पाणी मोजण्यासाठी खास नलिका खोदण्यात आल्या व त्यांतील काहींमध्ये स्वयंचलित नोंद घेणारी उपकरणे बसविण्यात आली. ही उपकरणे उपयुक्त खरीच. पण तीही अधूनमधून हाती मोजलेल्या पातळीशी ताडून पाहावी लागतात, अन्यथा बिघडलेले उपकरण महिनोन्महिने नेटाने चुकीचेच आकडे देत राहते.

उपशावर नियंत्रण आणण्याचे प्रयत्नही झाले आहेत. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातला. त्याची जागा घेणारा २००९ चा अधिनियम २०१४ मध्ये अंमलात आला. त्यात, पिण्याच्या पाण्याचा अपवाद वगळता, साठ मीटरहून खोल विहिरींना मनाई आहे. या तरतुदी कितपत पाळल्या जातात, हे गावोगावी फिरणाऱ्या विंधन यंत्रांच्या गाड्या पाहणारा कोणीही सांगू शकेल. आपण किती पाण्यावर बसलो आहोत हे ज्या गावाला ठाऊक नाही, तेथे नुसता कायदा दुबळा ठरतो असे आमचे मत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाची व विहिरींची नोंद घेऊन त्या वर्षीच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची प्रथा पडली आणि कोणती पिके घ्यावयाची हे त्यावरून ठरू लागले. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या अटल भूजल योजनेतही महाराष्ट्रासह सात राज्यांतील निवडक गावांत हाच मार्ग अनुसरण्यात आला.

ज्या गावांपर्यंत अशी योजना पोहोचलेली नाही, तेथेही हे काम अशक्य नाही. गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाला असलेल्या तीन-चार विहिरी निवडाव्यात. एक मोजपट्टी, एक वही आणि शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक, एवढी सामग्री पुरे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना सोबत घ्यावे. मात्र पट्टी सोडण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे आणि कठडा नसलेली विहीर निवडूच नये. दर महिन्याच्या ठराविक तारखेस, सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी मोजणी करून आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गतवर्षीचा व यंदाचा आकडा शेजारीशेजारी वाचून दाखवावा.

विहिरीचा कठडा नव्याने बांधावयाचा झाल्यास जुनी रंगाची खूण पुसली जाण्यापूर्वी तिची जमिनीपासूनची उंची वहीत लिहून ठेवावी आणि नव्या खुणेची उंची तिच्यापुढे नोंदवावी. अर्धा मीटर उंच झालेल्या कठड्यामुळे गावाचे पाणी कागदावर एका दिवसात अर्धा मीटर खोल जाऊ शकते.