ओठ दिसू द्या, आवाजही येऊ द्या



कमी ऐकू येणारी एखादी आजी किंवा मावशी बऱ्याच गटांत असते. बोलणारीच्या तोंडाकडे ती टक लावून बघते, म्हणजे ओठ वाचत असते. मग काही जणी तिच्याशी आवाज न काढता नुसते ओठ हलवतात. "तिला कुठं ऐकू येतंय?" म्हणतात. इथंच गफलत होते.

आरशासमोर 'पीठ' म्हणा, मग 'मीठ' म्हणा. दोन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. नुसतं बघून फरक कळत नाही. आता नाक चिमटीत धरून म्हणा. 'पीठ' नीट येतं, 'मीठ' अडतं. कारण 'म' नाकातून घुमतो. हा घुमारा डोळ्यांना दिसत नाही, तो कानालाच कळतो.

वयामुळे ऐकू येणं कमी होतं, तेव्हा बहुधा 'स', 'श' यांसारखे उंच पट्टीचे आवाज आधी जातात. खालच्या पट्टीतला घुमारा, बोलण्याचा ठेका, चढउतार बऱ्याचदा थोडाफार उरतो. तेवढ्यानं शब्द कळत नाही, पण ओठांची जोड मिळाली की तो ओळखू येतो. उलट 'माळ' आणि 'नाळ' अधू कानाला सारखेच वाटतात. तिथं ओठ मदत करतात: 'म'ला मिटतात, 'न'ला मिटत नाहीत. कानाचं उणं डोळा भरतो आणि डोळ्याचं उणं कान.

म्हणून तिच्याशी बोलताना समोर बसा. उजेड आपल्या तोंडावर असू द्या, तोंडावर पदर नको. टीव्ही, मिक्सर बंद करा. एका वेळी एकीनंच बोला. आवाज नेहमीचा, स्पष्ट ठेवा. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात आणि शब्दही फाटतो. कानाचं यंत्र असेल तर ते लावायला सांगा. यंत्रातून थोडंच ऐकू आलं, तरी ओठ वाचायला त्याची मदत होते.

एक गोष्ट मात्र लिहूनच दाखवा: आकडे. 'सात' आणि 'साठ' ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, अधू कानालाही सारखेच वाटतात. कर्जाचा हप्ता तिला चुकीचा कळला, तरी कागदावर अंगठा तिचाच उमटतो. तेव्हा आकडा पाटीवर लिहा, तिच्याकडून वदवून घ्या आणि मगच सही घ्या.