साठीचा वाद आणि नेमणुकीची तारीख

सातारा-सांगलीतल्या प्राध्यापकांच्या निवृत्तीची चर्चा गेली कित्येक वर्षे एकाच प्रश्नावर अडली आहे: साठ, बासष्ट की पासष्ट? केंद्रीय विद्यापीठांत 2007 पासून मर्यादा 65 आहे; ती स्वीकारण्याचे बंधन राज्यांवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले. मागे वळून पाहिले तर इथल्या प्राध्यापकाचे म्हातारपण निवृत्तीच्या वयापेक्षा नेमणुकीच्या तारखेनेच अधिक ठरले आहे. 1919 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सांगलीत उभे राहिले आणि त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. दोन्ही संस्थांत आजीव सदस्यांची परंपरा होती: तुटपुंज्या मोबदल्यात उमेदीची वर्षे द्यायची आणि उतारवयात संस्थेच्या भरवशावर राहायचे. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय 1947 चे, शिवाजी विद्यापीठ 1962 चे. महाविद्यालये वाढली, प्राध्यापक पगारी नोकर झाला, तरी निवृत्तीनंतर हाती यायचा तो भविष्यनिर्वाह निधीच. अनुदानित महाविद्यालयांना निवृत्तिवेतन लागू झाले ते 1982 पासून. शेवटच्या पगाराशी बांधलेली ही रक्कम मिळालेली पिढी इथल्या अध्यापकांत सर्वांत सुरक्षित ठरली.

1 नोव्हेंबर 2005 ला ते दार बंद झाले. त्यानंतर लागलेल्यांच्या पगारातून अंशदान कापले जाऊ लागले, आणि साठलेल्या रकमेचा आकार सेवेच्या वर्षांवर अवलंबून राहिला. नेमकी हीच वर्षे या पिढीला अपुरी पडतात. पदभरती वर्षानुवर्षे रखडली; नेट-सेट, पीएच.डी. झालेले तरुण तासिका तत्त्वावर शिकवत राहिले. अडतिसाव्या वर्षी कायम झालेल्याला साठीपर्यंत 22 वर्षेच मिळतात. आधी शिकवलेली वर्षे निवृत्तीच्या हिशेबात कुठेच नसतात. राज्याने 2024 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी सुधारित निवृत्तिवेतन योजना मान्य केली, पण तिथेही लाभ सेवा मोजूनच मिळतो.

मग निवृत्तीचे वयच वाढवा, असे कुणी म्हणेल. त्याने आज खुर्चीवर असलेल्याची सोय होईल, पण तासिकेवरचा तरुण आणखी उशिरा कायम होईल, म्हणजे त्याचे म्हातारपण आणखी उघडे पडेल. अभ्यासू माणूस साठीला थांबत नाही, हे खरे. कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले मे. पुं. रेगे पुढे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत रमले आणि विश्वकोशाची धुराही त्यांनी वाहिली. पण त्यासाठी पद अडवावे लागले नाही; वाईत कोशाचे, संपादनाचे काम हजर होते. अशी कामे शिवाजी विद्यापीठाला आणि साताऱ्याच्या नव्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाला मानधनावर उभी करता येतील. दुसरा आक्षेप तिजोरीचा. तो गंभीर आहे, पण तासिकेवर शिकवून घेतलेल्या वर्षांत शासनाने पूर्ण पगार आणि तासिकेचे मानधन यांतला फरक वाचवला आहे. त्या बचतीचा एक वाटा त्याच माणसांच्या निवृत्ती खात्यात टाकणे हे शासनाचे देणे आहे. प्राध्यापक संघटनांनी पासष्टीची मागणी बाजूला ठेवून तासिकेची वर्षे सेवेत धरण्यासाठी जोर लावावा.