क्रीडामंडळातील शिस्त

बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२० च्या दशकात खो-खोसारख्या देशी खेळांचे नियम बांधण्याचे कार्य केले. त्या नियमांतच मंडळाच्या शिस्तीचे मर्म आहे. पारंपरिक खो-खोत पाठलाग करणाऱ्या ९ गड्यांपैकी ८ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. पळणारा हाताशी आला तरी पाठीमागून ‘खो’ मिळाल्यावाचून उठणे हा नियमभंग होय. त्यात कर्णधार आणि नवखा असा भेद नाही. मी एका मंडळाचा चिटणीस असताना सरावास वारंवार उशिरा येणाऱ्या कर्णधारास अंतिम सामन्यातून वगळले. तो माझाच पुतण्या होता. आम्ही हरलो. पराभव सलला; परंतु त्यानंतर इतर मुलांना वेळ पाळावयास सांगताना माझी मान खाली गेली नाही.