कुदळीआधी निरीक्षण

१९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’ अर्थात चिरस्थायी शेतीची संकल्पना ग्रंथरूपाने मांडली. आधी निरीक्षण, मग कृती, हे तिचे सूत्र. म्हणून घरी आरंभ करताना ऊन किती तास येते आणि पावसाचे पाणी कोठे साचते, हे प्रथम पाहावे. मग स्वयंपाकघराजवळ एकच लहान वाफा करावा. जमीन न खणता तिच्यावर चिकटपट्टी काढलेला ओला पुठ्ठा, कुजलेले शेणखत व वाळलेल्या पानांचा थर द्यावा. त्यात मेथी, टोमॅटो व कडेला दोडका लावावा. आच्छादनाने ओल टिकते, तण दबते आणि मातीतील जीव कुदळीखाली येत नाहीत. अंगणातील पालापाचोळा ही जमिनीचीच ठेव आहे. ती जाळू नये.