खाचरातले शेवाळ विष अडवते, पण पचवत नाही

लावणी होऊन आठ-दहा दिवस झाले, खाचरातले पाणी निवळले, की त्यावर निळसर-हिरवी साय धरू लागते. पायाला बुळबुळ लागते म्हणून आपण तिला नावे ठेवतो. पण शेतकरी बंधूंनो, ही साय म्हणजे भाताच्या घरचा बिनपगारी गडी आहे. त्याला जेवण लागत नाही, मजुरी लागत नाही. लागते ती फक्त ऊन, पाणी आणि थोडा स्फुरद. या गड्याच्या जिवावर उठणारी एक गोष्ट मात्र आपल्याच हातून शेतात जाते. ती म्हणजे जड धातू.

आपण याला निळे-हिरवे शेवाळ म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबाने ते शेवाळ नव्हेच. ते जिवाणू आहेत. झाडासारखे हरितद्रव्य बाळगून उन्हावर स्वतःचे अन्न करणारे जिवाणू. अ‍ॅनाबिना, नॉस्टॉक, टोलिपोथ्रिक्स, औलोसिरा ही त्यातली काही नावे. मण्यांच्या माळेसारखी यांची रचना असते. माळेत काही मण्यांनंतर एक जाड भिंतीचा वेगळा मणी येतो. हवेतला नत्र पकडून पिकाला चालेल अशा रूपात आणण्याचे काम तिथे चालते. भातशेतीला या जिवाणूंमुळे नत्र मिळतो हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले. पुढे बनारसचे आर. एन. सिंग यांनी १९५० मध्ये उसर, म्हणजे खारवट जमीन सुधारण्यासाठी त्यांचा उपयोग मांडला, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ते खत म्हणून शेतकऱ्यापर्यंत नेले.

हिशेब सरळ आहे. हेक्टरी १० किलो वाळवलेले शेवाळ लावणीनंतर आठवड्याभराने खाचरात टाकायचे. चांगले जमले तर हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतो. युरियाच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ४३ ते ६५ किलो, म्हणजे आजची ४५ किलोची एक ते दीड गोणी.

मोरचुदाचा धडा

जड धातू शेवाळाला काय करतात हे समजायला प्रयोगशाळेत जायला नको. मोरचूद आपल्या ओळखीचा आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचे मीठ. अमेरिकेच्या शेती खात्यातील मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या तलावातले शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शेवाळाच्या कित्येक जाती मरायला दहा लाख भाग पाण्यात एक भाग मोरचूदही पुरतो.

आता कोकणातल्या सुपारीकडे पाहा. कोळेरोगासाठी आपण एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतो. एक टक्का म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग! चुन्यामुळे त्यातले तांबे बरेचसे बांधलेले असते आणि चिखलही काही धरून ठेवतो, हे खरे. त्यामुळे बागेत नीट फवारले म्हणजे खालचे खाचर मेलेच असे नव्हे. पण फवारणीचा हंगाम आणि लावणीचा हंगाम एकच. पंप कुठे धुता? पिंप कुठे ओतता? पाटात किंवा खाचराच्या तोंडाशी असेल, तर आपला गडी आपणच मारला.

गंमत अशी, की तांबे शेवाळाला लागतेच. उन्हापासून अन्न करण्याच्या साखळीतली एक कडी तांब्यावर चालते. नत्र पकडणाऱ्या यंत्राला मॉलिब्डेनम लागतो. जस्तही चिमूटभर हवे. कॅडमियम, शिसे आणि पारा यांचा मात्र या जिवाणूंना काही उपयोग नाही. पहिल्या गटात अति तिथे माती, दुसऱ्या गटात थोडेही नको.

धातू आत शिरल्यावर

हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. तांबे, कॅडमियम, जस्त यांसारखे धातू त्याला ढकलून त्याची जागा घेऊ शकतात. मग ऊन पडते, पण त्याची शक्ती नीट पकडली जात नाही. दुसरा घाव प्रथिनांवर पडतो. प्रथिनांत जिथे गंधक असते तिथे कॅडमियम आणि पारा जाऊन चिकटतात आणि ते प्रथिन कामातून जाते. तिसरा घाव त्याहून वाईट. बिघडलेल्या यंत्रातून ठिणग्या उडाव्यात तसे पेशीत प्राणवायूचे दाहक प्रकार तयार होतात आणि ते पेशीची कातडीच जाळू लागतात.

अशा वेळी नत्राचे काम मागे पडते. नत्र पकडणे हे फार शक्ती खाणारे काम आहे. घराला आग लागली असताना कोणी नांगर धरत नाही, तसेच हे. शेवाळ मेले नाही, हिरवे दिसते आहे, तरी नत्र कमी देत असू शकते. म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये. उलट शेवाळ पिवळे पडले म्हणून लगेच धातूचे विष समजू नये. कीटकनाशक, गोगलगायी किंवा पाणी आटणे यानेही तसे होते.

शेवाळाचा बचाव

पण हा गडी मुकाट मरत नाही. त्याचे बचावाचे चार मार्ग आहेत.

पहिला दारावरचा. आपल्या पायाला लागणारी ती बुळबुळ म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचे वेष्टण. धातू तिथेच चिकटून बसतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये समुद्रातल्या अशाच एका जिवाणूने पाण्यातले युरेनियम आपल्या वेष्टणात धरल्याचे दाखवले. दुसरा मार्ग उपशाचा. आत आलेला धातू बाहेर फेकणारे पंप पेशीच्या भिंतीत असतात. तिसरा कोठाराचा. स्फुरदाचे कण पेशीत साठवलेले असतात, त्यांत धातू अडकवून ठेवला जातो.

चौथा मार्ग सर्वांत हुशारीचा. पेशी एक खास प्रथिन बनवते आणि ते जस्त व कॅडमियम यांना मुठीत धरते. हे प्रथिन एरवी बनत नाही, कारण त्याच्या जनुकावर एक कुलूप बसलेले असते. जस्त वाढले की ते त्या कुलपाला जाऊन लागते, कुलूप निघते आणि प्रथिन तयार होऊ लागते. म्हणजे चोरच घंटा वाजवतो! इंग्लंडमधील नायजेल रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे जनुक निकामी केलेले जिवाणू तयार केले, तेव्हा जस्त आणि कॅडमियम त्यांना फार लवकर बाधू लागले.

अडवलेले विष जाते कुठे?

आता तुम्ही म्हणाल, शेवाळ विष धरून ठेवत असेल तर चांगलेच आहे, टाकू या भरपूर शेवाळ. इथेच चूक होते. कीटकनाशक काळाने मोडते. धातू मूलद्रव्य आहे, तो कुजत नाही, मोडत नाही. शेवाळाने धरलेला कॅडमियम शेवाळ मेल्यावर त्याच चिखलात परत येतो. धातू खरोखर बाहेर काढायचा तर शेवाळ गोळा करून शेताबाहेर न्यावे लागेल, आणि ते खत म्हणून दुसऱ्या शेतात टाकताही येणार नाही. सांडपाण्याच्या टाकीत हे जमेल, खाचरात नाही. म्हणून 'शेवाळ टाका, जमीन विषमुक्त करा' असे कोणी सांगत आला, तर त्याला हा एकच प्रश्न विचारा: धातू गेला कुठे?

हा प्रश्न किती महाग पडतो ते जपानने पाहिले. तोयामा भागात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती. तिथला कॅडमियम नदीत आणि नदीच्या पाण्यावरच्या भातात उतरला. तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. वेदनांमुळे रोगाचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' असे पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. पुढे तिथल्या शेतांची माती बदलण्यात कित्येक वर्षे गेली.

आपण काय करावे?

१) फवारणीचा पंप, पिंप आणि डबे पाटात किंवा खाचरात धुऊ नयेत. मोरचुदाचे उरलेले पाणी बागेतच जिरवावे.

२) शहराचे कंपोस्ट घेताना तपासणीचा दाखला मागावा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे किलोमागे कॅडमियम ५, शिसे १०० आणि तांबे ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

३) मृदा आरोग्य पत्रिकेतल्या बारा बाबींत तांबे आणि जस्त आहेत, पण कॅडमियम, शिसे, पारा नाहीत. कारखान्याच्या नाल्यावर किंवा शहराच्या सांडपाण्यावर शेत भिजत असेल, तर या धातूंची तपासणी वेगळी मागून घ्यावी.

४) जमीन आंबट असली की कॅडमियम मोकळा होऊन मुळात शिरतो. माती परीक्षणानुसार चुना द्यावा. शेवाळालाही आंबट जमीन मानवत नाही.

५) जिथे कॅडमियम आढळला असेल तिथे लोंबी येण्याआधी आणि नंतर तीन-तीन आठवडे खाचरात पाणी ठेवावे. त्यामुळे दाण्यात कॅडमियम कमी उतरतो. आर्सेनिकच्या जमिनीत मात्र हा उपाय उलटा पडतो, म्हणून तपासणी आधी.

६) झिंक सल्फेट बंद करावे असा याचा अर्थ नाही. कमतरता दिसली तरच आणि सांगितले तेवढेच द्यावे.

७) शेवाळाचे बी वाढवायला माती आणि पाणी स्वच्छ ठिकाणचे घ्यावे. रस्त्याकडेची, भंगाराच्या दुकानामागची किंवा जुन्या बॅटऱ्या फोडल्या जातात तिथली माती वापरू नये.

ग्रामपंचायतींसाठीही दोन शब्द. नाल्याला रंगीत पाणी येते अशी तोंडी ओरड दरवर्षी होते आणि पहिल्या पावसाबरोबर वाहून जाते. त्याऐवजी तारीख, जागा आणि नाल्याचे नाव लिहून ठराव करावा, आणि १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा आधार घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाण्याच्या नमुन्याची लेखी मागणी करावी. मागणीची पोच फाइलला लावावी. खाचरातला गडी बोलत नाही. त्याची तक्रार आपल्यालाच लिहावी लागेल, आणि तीही धातू चिखलात उतरण्याआधी. एकदा उतरला, की तो काढायला ना शेवाळ पुरते, ना सरकार.