राऊटरला हार्ड डिस्क जोडा, पण तिला बॅकअप समजू नका!



या आठवड्याच्या व्हिडिओत मी राऊटरला हार्ड डिस्क जोडून दाखवली. व्हिडिओत ते जरा पटपट झालं, म्हणून इथे एकेक पायरी लिहून देतोय. राऊटर समोर ठेवा आणि वाचत वाचत करा.

आधी माझी फजिती सांगतो. लालबागला माझं छपाईचं दुकान आहे. मंडळांची पावती पुस्तकं, बॅनर, लग्नपत्रिका अशी कामं. दोन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप आणि हवी ती फाइल कायम दुसऱ्याच पेनड्राइव्हवर! म्हणून राऊटरला डिस्क लावली आणि सगळी डिझाइन्स एका जागी आणली. मस्त चाललं होतं. फक्त रोज रात्री शटर ओढताना मी डिस्क चालू असतानाच मेन स्विच बंद करायचो. गणपतीच्या तोंडावर एके सकाळी डिस्क उघडलीच नाही. दुसरी कॉपी कुठेच नव्हती. जुन्या पावत्या स्कॅन करून मंडळांचे लोगो परत काढत बसलो. एक जुनं गिऱ्हाईक तेवढं थांबू शकलं नाही, दुसरीकडे गेलं. चूक माझीच होती.

हे नक्की काय असतं?

बऱ्याच राऊटरला मागे किंवा बाजूला यूएसबी पोर्ट असतो. त्यात डिस्क लावली की वायफायवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला आणि मोबाइलला ती दिसते. यासाठी इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात रस्ता खोदताना बाहेरची केबल तुटली, तरी दुकानातल्या दुकानात फाइल उघडतात. हा मोठा फायदा आहे.

जोडणी कशी करायची?

१. डिस्क आधी कॉम्प्युटरला लावून एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामी डिस्कच घ्या. एफएटी३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. एक्सएफएटी काही राऊटरना वाचता येत नाही.

२. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका. बहुतेक वेळा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो (टाइप करताना आकडे इंग्रजी). नाही उघडला तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवा. 'डिफॉल्ट गेटवे'समोर असतो तो तुमचा पत्ता.

३. सगळ्यात आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. वायफायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं असेल तर वेगळं गेस्ट नेटवर्क चालू करा. दुकानाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका!

४. मेनूत 'यूएसबी शेअरिंग' किंवा 'स्टोरेज शेअरिंग' शोधा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं. तिथे युजरनेम आणि पासवर्ड द्या. बिनापासवर्डचा प्रवेश आणि इंटरनेटवरून एफटीपी, दोन्ही बंद.

५. विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा. दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे राऊटरचा पत्ता टाका, फोल्डर निवडा. झाली तुमची झेड ड्राइव्ह.

राऊटर कुठे ठेवायचा?

गिरगाव-परळच्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात. राऊटर दाराच्या वर कोपऱ्यात किंवा लोखंडी कपाटामागे ठेवलात तर पोटमाळ्यावर रेंज येणार नाही. शक्यतो मध्यभागी आणि उंचावर ठेवा. चाळीत शेजारपाजारच्या वायफायची गर्दी असते, म्हणून २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यातला मोकळा निवडा. जवळच्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झ द्या. बिलिंगचा कॉम्प्युटर मात्र केबलनेच जोडा.

चालत नसेल तर याच क्रमाने तपासा

डिस्क दिसतच नाही? तुमचा मोबाइल गेस्ट नेटवर्कवर आहे का बघा. गेस्टवरून डिस्क दिसत नाही, आणि दिसायलाही नको. कंपनीने दिलेला डबा आणि तुम्ही घेतलेला राऊटर असे दोन असतील, तर एक कॉम्प्युटर इकडे आणि दुसरा तिकडे जोडलेला असतो. सगळे एकाच राऊटरवर घ्या.

डिस्क टकटक करते, मध्येच गायब होते? वीज कमी पडतेय. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. फिरत्या डिस्कला कधी कधी ते पुरत नाही. स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब लावा.

डिस्क लावल्यावर वायफायच मंद झालं? यूएसबी ३.० मुळे २.४ गिगाहर्ट्झला अडथळा येऊ शकतो. इंटेलने २०१२ साली हे मोजून दाखवलंय. डिस्क थोड्या लांब वायरने राऊटरपासून दूर ठेवा.

कॉपी हळू होते? राऊटरचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी जातात. ५ जीबीच्या फाइलला सात मिनिटं धरा. इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन यात फरक पडत नाही.

विंडोज 'एसएमबी१' मागतंय? इथे थांबा. ही फाइल शेअर करायची जुनी पद्धत आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच पद्धतीतल्या भोकातून पसरला. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला. त्यानेही तेच भोक वापरलं, आणि आपल्या समोरच्या न्हावा शेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. एवढ्या मोठ्या बंदराचं असं होतं, तर आपल्या गाळ्याचं काय? म्हणून यूट्यूबवर कोणी 'एसएमबी१ चालू करा' सांगितलं तरी करू नका. आधी राऊटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. मेनूत एसएमबी२ मिळतं का बघा. नसेल तर त्या राऊटरला डिस्क लावू नका.

आता मुद्द्याची गोष्ट

राऊटरची डिस्क म्हणजे सगळ्यांचं एक कपाट. त्यातली फाइल फक्त तिथेच असेल तर तो बॅकअप नाही. माझ्या दुकानात आता तीन नियम आहेत:

एक, रात्री आधी राऊटरच्या मेनूतून 'सेफली रिमूव्ह', मगच स्विच. राऊटरला छोटा यूपीएसही लावलाय.

दोन, अकाउंटिंगचा चालू डेटा त्या डिस्कवर ठेवून काम करायचं नाही. वायफाय क्षणभर तुटलं तरी डेटा बिघडू शकतो. काम कॉम्प्युटरवर, रात्री फक्त कॉपी डिस्कवर.

तीन, दर शनिवारी दुसऱ्या डिस्कवर कॉपी, आणि ती डिस्क माझ्याबरोबर घरी. दुकानात पाणी शिरलं, चोरी झाली, तरी धंदा सोमवारी उघडतो.

आणि महिन्यातून एकदा त्या कॉपीतली एखादी फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक!

आज शटर ओढायच्या आधी एकच काम करा: तुमची सगळ्यात महत्त्वाची फाइल किती ठिकाणी आहे ते मोजा. उत्तर 'एक' आलं, तर उद्या सकाळी पहिलं काम तेच. भेटूया पुढच्या व्हिडिओत!