भूल उतरते, श्वास परतत नाही

आपल्या बासरला सरस्वतीच्या मंदिरात लांबलांबची मुले पहिले अक्षर गिरवायला येतात. पाटीवरचे अक्षर चुकले तर पुसता येते. जन्मतः शरीरात लिहिलेले अक्षर पुसता येत नाही. मात्र ते वाचून ठेवता येते.

काही वर्षांपूर्वी एक दुकानदार गृहस्थ पोटदुखीसाठी माझ्याकडे आले. शस्त्रक्रिया अटळ होती. निघताना ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आईच्या ऑपरेशननंतर तिला चार-पाच तास श्वासच घेता येईना. यंत्रावर ठेवली होती. देवीनेच वाचवले." ही हकिगत घरात सांगितली जात होती, पण कुठल्याही कागदावर नव्हती. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. भूल देणे माझे काम नव्हे. तरी चिठ्ठीत पहिल्याच ओळीत मी ते लिहिले.

कारण असे. घशात नळी घालताना स्नायू सैल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन, म्हणजेच स्कोलीन, हे इंजेक्शन देतात. रक्तातील ब्युटिरिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर त्याचे विघटन करते आणि काही मिनिटांत त्याचा परिणाम ओसरतो. काहींच्या रक्तात हे विकर जवळजवळ नसते. एरवी ते धडधाकट असतात. पण स्कोलीन दिल्यावर त्यांचे श्वासाचे स्नायू कित्येक तास लुळे राहतात. भूल उतरली तर माणसाला सगळे ऐकू येते, पण बोटही हलवता येत नाही. तोवर गुंगीत ठेवून यंत्राने श्वास दिला, तर तो पूर्ण बरा होतो.

हा दोष आनुवंशिक आहे, हे टोरांटोच्या वर्नर कालो यांनी १९५० च्या दशकात दाखवले. अशा अभ्यासाला 'फार्माकोजेनेटिक्स' हे नाव १९५९ मध्ये फ्रेडरिख फोगेल यांनी दिले.

आपल्या भागातील आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. जनुकातील एक अक्षर बदलते आणि विकराच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन येते. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आपसांतच सोयरिक करणाऱ्या समाजात असे घडते. हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांनी इतरांसह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच उदाहरण आहे. यात कोणाला कमीपणा नाही. आम्ही जैनही सोयरिकी आपसांतच करत आलो. शिवाय समाजातील प्रत्येकाला हा दोष असतो असे नाही, आणि इतर समाजांतही तो क्वचित सापडतो. आई आणि वडील दोघांकडूनही बदललेले अक्षर आले, तरच तो पुरता प्रकट होतो.

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली की कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करतात. तीच तपासणी येथेही उपयोगी पडते. त्या गृहस्थांचे विकर फार कमी निघाले. भूलतज्ज्ञांनी स्कोलीन टाळून दुसरे औषध वापरले, आणि ते वेळेत शुद्धीवर आले.

म्हणून विनंती एवढीच : घरात कोणाला भुलीनंतर श्वासाचा त्रास झाला असेल, तर ते लिहून ठेवा, भावंडांना कळवा आणि शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ते विचारतील, याची वाट पाहू नका.